पंख्याचा कागद

बायकोला शेवटचा वारा घातला तो वर्तमानपत्राने. एसी बंद पडला होता. समोर भिंतीवर काचेत तिच्या पणज्याने बोटीवरून आणलेला छापील कागद होता, फुलापक्ष्यांचा, कापून हातपंख्याला चिकटवायचा. तिला त्याचा पंखाच हवा होता.

पण इथे आखातात, बिन ओमरान भागातल्या आमच्या बिल्डिंगीतला तो शेजारी! माणसाशी बोलताना चष्मा कपाळावर, वस्तू दिसली की डोळ्यांवर. दर वेळी बजावायचा, "काकी, कात्री लावली की खलास! शंभर वर्षं जुना छाप आहे."

ती गेल्यावर भेटायला आला. चष्मा खाली घेतला, भिंतीकडे बघत म्हणाला, "काका, आता हा जपा हं."

कागद जपा म्हणे!

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तो रेषेवरून कापला, काडीला चिकटवला आणि वारा घेत त्याची बेल वाजवली.