आम्ही सगळे बॉनेटमध्ये बघत होतो

आधीच सांगते, मी विज्ञान शिकवते. पनवेलच्या एका हायस्कुलात, आठवी ते दहावी, बावीस वर्षं झाली. वर्गात कुणी ‘मॅडम, भूत असतं का हो?’ असं विचारलं की मी त्याला फळ्यापाशी बोलावते आणि न्यूटनचे तिन्ही नियम लिहायला लावते. या कॉलममधले अनुभव मी वाचते, पण वाचताना ‘काहीतरीच!’ असं मोठ्यानं म्हणते आणि नवरा वैतागतो. आता मीच लिहायला बसलेय म्हणजे काय ते समजा... हसायचं तर खुशाल हसा, पण शेवटपर्यंत वाचून हसा.

आम्ही करंजाड्यात राहतो, चौथ्या मजल्यावर. मी, माझा नवरा नरेश आणि माझे सासरे, ज्यांना सगळे आबा म्हणतात. सासरची माणसं मूळची उरणकडची, मिठागरवाली. आबांनी उमेदीची सगळी वर्षं गुडघाभर खाऱ्या पाण्यात काढली, मिठाच्या टोपल्या डोक्यावर वाहिल्या. पुढं जमीन सरकारी प्रकल्पात गेली, बदल्यात प्लॉट मिळाला, तो विकून नरेशनं द्रोणागिरीला गोडाऊन टाकलं. धंदा बरा चालला आणि साहेबांच्या डोक्यात एकच खूळ शिरलं – आबांना आलिशान गाडीत मागच्या सीटवर बसवून फिरवायचं.

मी म्हटलं, साधी गाडी घे, गल्लीतला मेकॅनिकही दुरुस्त करील अशी. ऐकेल तर नरेश कसला! तीन वर्षं जुनी, काळी, लांबलचक जर्मन गाडी घरी आली. कंपनीचं नाव सांगत नाही, त्यांचा यात दोष नव्हता हे आता मला कळलंय. पण आबांसाठी घेतलेली म्हणून कागदोपत्री आबांच्याच नावावर केली, हे मात्र सांगायला हवं.

दोन महिने गाडी लोण्यासारखी चालली. मग एका सकाळी पनवेलच्या पुलावर भर रहदारीत बंद पडली. धक्का नाही, आवाज नाही, धूर नाही. इंजिन गप्प, समोर सगळे दिवे लाल-पिवळे. मी उतरले, नरेश उतरला, बॉनेट उघडलं. आत बघून आम्हाला काय कळणार होतं, कपाळ! एका रिक्षावाल्यानंही येऊन डोकावून बघितलं. मिनिटाभरानं नरेशनं बटण दाबलं तर गाडी सुरू... जणू काही झालंच नाही.

त्यानंतर हे नेहमीचंच झालं. आठवड्यातून एकदा, कधी दोनदा. सर्व्हिस सेंटर वाशीच्या पलीकडं. तिथला टायवाला ॲडव्हायझर आधी कॉफी द्यायचा आणि मग तोंडाला पानं पुसायचा. “मॅम, कॉम्प्युटरवर काहीच एरर येत नाही.” मग सेन्सर बदलला. मग फ्युएल पंप बदलला, तो जर्मनीहून यायला पाच आठवडे लागले. मग सॉफ्टवेअर अपडेट केलं. गाडी घरी आली आणि दुसऱ्याच दिवशी भाजी मार्केटसमोर बसली. मी तिथल्या तिथं ॲडव्हायझरला फोन लावला आणि माझ्या वर्गातल्या आवाजात जे काही बोलले ते इथं छापण्यासारखं नाही.

आमच्या ओळखीचे इकबालभाई, त्यांचं गॅरेज आहे पनवेलमध्ये, त्यांनाही दाखवलं. त्यांनी दिवसभर गाडी ठेवून घेतली, संध्याकाळी हात पुसत म्हणाले, “भाभी, कसम से, इंजिन एकदम तंदुरुस्त आहे. कुणाची नजर लागली असेल तर तो इलाज माझ्या पान्यात नाही.” घ्या! म्हणजे सर्व्हिस सेंटर हात वर करतंय आणि गॅरेजवाला नजरेवर ढकलतोय.

मग मी वही केली. विज्ञानाची बाई दुसरं काय करणार? तारीख, वेळ, ठिकाण, हवा कशी होती, पेट्रोल किती होतं, सगळं लिहायला लागले. एकदा आबा शेजारी येऊन बसले, वहीतल्या नोंदी वाचायला लावल्या आणि बोटांवर काहीतरी मोजून म्हणाले, “गारी भरतीच्या येलेला थांबते गो, बाय.”

मिठागरातल्या माणसांचा भरतीचा हिशोब तोंडपाठ असतो. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ येते. चतुर्थी म्हणजे तीन वाजता, अष्टमी म्हणजे सहा. पहिल्या चार नोंदी खरंच जुळत होत्या, आणि खोटं कशाला बोलू, माझ्या हातावर काटा आला. पण पुढच्या तीन नोंदींनी सगळं खोटं पाडलं. पाचवी तर ऐन ओहोटीची निघाली. मी आबांना वही दाखवून म्हटलं, “बघा आबा, विज्ञान!” आबा हिरमुसले. “तुजा ईज्ञान गारी चालू करतो का?” असं म्हणून उठून गेले. मला जिंकल्याचा केवढा आनंद झाला होता तेव्हा! आता आठवलं की स्वतःचाच राग येतो.

तर तो रविवार. पेणला नात्यातला साखरपुडा होता. सकाळचे साडेदहा वाजले असतील, आम्ही पळस्प्याला गोव्याच्या रस्त्याकडं वळलो आणि ऐन वळणावर गाडी गप्प झाली. मागं कंटेनर, ट्रेलर, सगळे भोंगे वाजवतायत. माझी नवी पैठणी, डोक्यात गजरा. नरेश म्हणाला, “उतर ना, मागं ट्रायंगल लाव.”

माझं डोकंच सणकलं. “नाही उतरणार! तुझी गाडी, तुझं बॉनेट, तूच बघ. मी रिक्षा करून घरी जाते.”

नरेश दार आपटून उतरला. बॉनेट वर झालं. मी एकटी पुढं बसलेली, राग काढायला समोर कुणीच नाही. मग मागच्या सीटवर बसलेल्या आबांकडं त्यांच्याच मुलाची तक्रार करायला वळले.

आबा मान मागं टाकून बसले होते. तोंड उघडं. डोळे अर्धवट उघडे, पण बुबुळं वर गेलेली. चेहरा पांढराफटक... मिठासारखा. मी “आबा!” म्हणून ओरडले, सीटवरून वाकून त्यांचा हात धरला. हात थंडगार. किती सेकंद गेले सांगता येणार नाही. पाच, सहा, दहा. मला ते संपता संपेनात.

आणि एकदम आबांनी खोल श्वास घेतला. गालांवर रंग आला. डोळे नीट झाले. त्याच क्षणी — बटण कुणीही दाबलं नव्हतं, नरेश बाहेर होता, माझे दोन्ही हात आबांच्या हातावर होते — गाडी आपोआप सुरू झाली.

“काय झाला गो?” आबा म्हणाले. “डोला लागला व्हता जरा. थांबली का परत गारी?”

नरेश हसत हसत आत आला. “बघ, हात लावला आणि सुरू झाली!” मी म्हटलं, “गाडी वळव. साखरपुडा राहू दे. हॉस्पिटलला चल.” माझा आवाज ऐकून त्यानं तिथूनच गाडी वळवली.

हॉस्पिटलमध्ये आबांचा ईसीजी व्यवस्थित आला. डॉक्टरबाई तरुण होत्या, पण समजूतदार. त्यांनी खोदून खोदून विचारलं तेव्हा आबांनी कबूल केलं की मध्येच डोळ्यापुढं अंधारी येते, बरेच महिने झाले. आम्हाला का नाही सांगितलं? तर म्हणे, गाडीतल्या गार हवेनं होत असेल, आणि पोरगा एवढ्या हौसेनं फिरवतोय, त्याला कशाला नाराज करा. काय बोलायचं या माणसाला!

डॉक्टरबाईंनी छातीला होल्टर लावलं. म्हणजे एक छोटं यंत्र, जे चोवीस तास हृदयाचे ठोके नोंदवतं. आबा घरी, गॅलरीत, यंत्र गळ्यात अडकवून बसले. योगायोग असा की त्याच दिवशी गाडी परत सर्व्हिस सेंटरला गेली होती. ॲडव्हायझर पण हट्टाला पेटला होता. त्यानं सकाळपासून इंजिन चालू ठेवून गाडीला लॅपटॉप जोडला होता, बंद पडली की वेळ नोंदली जावी म्हणून.

दुसऱ्या दिवशी होल्टरचा रिपोर्ट आला. आबांचं हृदय मध्येच थांबत होतं. पाच-पाच, सहा-सहा सेकंद ठोकाच नाही. दिवसा दोन वेळा – सकाळी अकरा बेचाळीस आणि दुपारी चार सतरा. डॉक्टरबाई म्हणाल्या, “बरं झालं आणलंत. पेसमेकर लगेच बसवू या. यातली एखादी वेळ अशी आली असती, की ते परत सुरूच झालं नसतं.”

आम्ही आबांना ॲडमिट करून खाली कँटीनमध्ये येऊन बसलो आणि माझ्या फोनवर ॲडव्हायझरचा मेसेज आला. “मॅम, काल गाडी दोनदा बंद पडली. कारण समजत नाही. लॉग पाठवतोय.” मी लॉग उघडला.

अकरा त्रेचाळीस. चार अठरा.

एका मिनिटाचा फरक. मी तिथूनच फोन करून विचारलं, तुमच्या लॅपटॉपचं घड्याळ बरोबर आहे का? तो म्हणाला, “एक मिनिट पुढं आहे मॅम, का?” मी फोन ठेवला. नरेशनं माझ्या हातातून तो घेऊन वाचला, मग रिपोर्ट वाचला, परत फोन वाचला. चहा तसाच गार झाला.

घरी येऊन मी वही काढली. गाडी बंद पडून नरेश एकटा द्रोणागिरीला अडकला होता तो दिवस – दुपारी सव्वातीन. त्या दिवशी मी शाळेतून आले तर आबांचा कप फुटून चहा फरशीवर सांडला होता. ‘हातातून सुटला’ म्हणाले होते. आणि मी त्यांना बोलले होते हो... नवीन सेटमधला कप होता म्हणून बोलले होते. बाकीच्या बहुतेक वेळा तर ते आमच्याच मागं, सीटवर बसलेले होते. गाडी थांबायची, आम्ही उतरायचो आणि सगळे बॉनेटमध्ये बघत बसायचो. मागं वळून कुणी बघितलंच नाही. त्या रात्री मी नरेशच्या खांद्यावर डोकं ठेवून पोटभर रडले.

पेसमेकर बसला. आबा चौथ्या दिवशी घरी आले आणि आठव्या दिवशी माझ्या कालवणात मीठ कमी आहे म्हणून कुरकुरले. मला इतकं बरं वाटलं की काय सांगू! आणि गाडी? तिला त्यानंतर कुणी पाना लावला नाही, सेंटरमधून जशीच्या तशी घेऊन आलो. चौदा महिने झाले. चालता चालता एकदाही बंद पडलेली नाही. पेणला गेलो, कोल्हापूरला जाऊन आलो, भर पावसात घाट चढलो.

माझं मात्र एक झालंय. रोज सकाळी शाळेत जायच्या आधी खाली पार्किंगमध्ये जाते, गाडीचं बटण दाबते, इंजिनचा आवाज ऐकते आणि वर येते. नरेश हसतो. हसू दे.

गेल्या महिन्यात एका सकाळी बटण दाबलं आणि गाडी सुरू झाली नाही.

परत दाबलं. नाही. तिसऱ्यांदा दाबायला मी थांबलेच नाही. लिफ्टचीही वाट बघितली नाही. चार मजले कसे चढले देव जाणे... (हो, देव म्हणतेय, मीच म्हणतेय.) आबांच्या खोलीत बघितलं, अंथरूण रिकामं. बाथरूमचं दार आतून बंद. मी दोन्ही हातांनी दार बडवत सुटले, “आबा! आबा! आबा!”

आत तांब्या आपटला. दार किलकिलं झालं. अंगाला पंचा, डोक्यावर साबणाचा फेस.

“आग लागली का गो कुटं? म्हशीला सुदीक सुकानं न्हाऊ देतान, मना नाय का?”

मी तिथंच जमिनीवर बसले. हसू का रडू कळेना, दोन्ही एकदमच येत होतं. नरेश धावत आला, पण काय झालं ते मला त्यालाही सांगता येईना. नुसतं बोटानं आबांकडं दाखवलं. आबा फेसातून मिचमिच बघत म्हणाले, “हिची बीपी बगून घ्या रं कोनी.”

दुपारी इकबालभाईंनी येऊन गाडीचं बॉनेट उघडलं. आत उंदरानं वायर कुरतडली होती. साधा, शेपटीवाला, करंजाड्याच्या गटारातला उंदीर! इकबालभाई चाचरत म्हणाले, “भाभी, पूर्ण वायरिंग बदलावी लागेल. आठवडा तरी लागेल.” मी म्हटलं, महिना लावा! मी शेजारच्या दुकानातून पेढे आणले आणि त्यांच्या काळ्या हातावर ठेवले. बिचारे पेढ्याकडं बघतायत, माझ्याकडं बघतायत.

वायर, उंदीर, हे सगळं मला समजतं, हे मी वर्गात शिकवू शकते. पण होल्टरचा रिपोर्ट आणि मी छापून घेतलेला लॉग, त्या दोन कागदांवरच्या वेळा माझ्याच्यानं आजतागायत सुटलेल्या नाहीत. डॉक्टरबाईंना दाखवल्या, त्या “योगायोग” म्हणाल्या आणि दोन्ही कागदांचे फोटो मात्र काढून घेतले. कॉलेजातल्या माझ्या फिजिक्सच्या सरांना विचारलं, त्यांनी आठ दिवस मागितले, त्याला सहा महिने होऊन गेले.

आता नरेश म्हणतो, गाडी चांगली चालतेय तोवर विकून टाकू, गिऱ्हाईक पण आलंय. आबा म्हणतात, विका, मना तिच्यात वाकून बसाया तरास होतो. मी दोघांनाही सांगून टाकलंय की माझ्या जिवात जीव आहे तोवर गाडी या घरातून हलणार नाही. तुमच्यापैकी कुणाकडं या सगळ्याचं स्पष्टीकरण असेल तर जरूर लिहा, मी मनापासून वाचीन. गाडी मात्र मागू नका.