व्हर्लीनबाईंच्या न्हाणीघरातल्या माश्या

आमच्या टेक्ससमधल्या कॅम्परवस्तीत, म्हणजे चाकांवरच्या घरांच्या वस्तीत, व्हर्लीन टब्जबाईंइतकं स्वच्छ कुणी नव्हतं, आणि त्यांच्याच न्हाणीघरात माश्या झाल्या. बारीक, काळ्या, केसाळ. हात मारला की भिंतीवर काजळीसारखा डाग उरायचा.

नवरा बर्ट होता तोवर संडासाखालच्या मैल्याच्या टाकीचं तोच बघायचा. तो गेल्यावर बाईंनी टाकीचं गटाराकडचं तोंड उघडणारी मूठ बाहेर ओढली ती तशीच ठेवली. घाण घरात साठवायची कशाला, जाऊ दे सरळ गटारात, असा हिशेब. पण अशाने पाणी तेवढं वाहून जातं आणि मैला आत ढीग लागून सुकत बसतो. टाकी भरेपर्यंत मूठ आत हवी. बाईंना हे ठाऊकच नव्हतं.

शेजारच्या रॉइस मेब्रीने ती मूठ पाहिली होती. त्याचा कॅम्पर उघड्या उन्हात, आणि बाईंच्या कॅम्परवर वस्तीतल्या एकुलत्या एक ओकच्या झाडाची सावली.

"रॉइस, तुला यातलं कळतं. काय करू रे?"

"ब्लीच ओता, बाई. हात आखडू नका."

बाईंनी ओतलं. माश्या वाढल्या.

"म्हातारीच्या टाकीत डोंगर झालाय नुसता!" घरी येऊन रॉइस हसला. हे मला त्याच्या बायकोनेच, नदीनने, पुढे सांगितलं.

"मग सांग की तिला."

"सांगतो. आणि ऑगस्टात तू बस उन्हात भाजत."

नदीनने पंखा आपल्याकडे वळवून घेतला.

बाईंनी पडदे जाळले, लादी घासून बोटं सोलून घेतली. घरोघर बिस्किटं वाटली, तर लोकांनी ती त्यांच्यादेखत कचऱ्यात टाकली. माझ्या टेसच्या हातातलं मीही काढून घेतलं. एवढ्याशा पोरीच्या पोटाशी खेळ नको.

वस्तीचा मॅनेजर गेलन म्हणाला, "शनिवारपर्यंत माश्या गेल्या नाहीत तर जागा सोडायची."

"अरे, बर्टची राख मी याच झाडाखाली पुरलीय. त्याला टाकून कुठे जाऊ?"

"राखेची तक्रार नाही, बाई. माश्यांची आहे."

बाईंनी दार लावून विषारी फवारा मारला आणि आठवडाभर खोकत राहिल्या. शनिवारी गेलनने संडासाचं झाकण उचललं. माश्यांचा लोट थेट त्याच्या तोंडावर आला.

दुपारी बाईंचा कॅम्पर ओढून न्यायला ट्रक आला. बाई झाडाखाली चमच्याने माती उकरून बरणीत भरत होत्या. ड्रायव्हरने दोनदा भोंगा वाजवला.

"आजी, आख्खं टेक्सस नेताय का?"

बरणी अर्धीच भरली होती. बाई उठल्या. ट्रकमध्ये चढल्यावर काचेतून ओरडल्या, "रॉइस, इथे जरा जपून वावरा रे. बर्ट आहे."

"हो हो, बाई!" म्हणत रॉइस मोजायची फीत काढून मांस भाजायची लोखंडी शेगडी नेमकी कुठे बसेल ते झाडाखाली मापून बघायला लागला.