बोनेटवरचा पोचा

मोठे बाबा गेले ते एका गिऱ्हाइकाच्या गाडीत. कोहमाऱ्याच्या ज्या गॅरेजात त्यांनी उभी हयात डेंटिंगचं काम केलं, म्हणजे गाड्यांचे पोचे काढले, तिथंच दुपारी जेवण झाल्यावर एका गाडीचं छत आतून ठोकायला ते मागच्या सीटवर शिरले आणि आडवे झाले. हाक मारूनही उठेनात, तेव्हा म्हातारा झोपला म्हणून सगळ्यांनी हसून घेतलं. संध्याकाळी गाडीचा मालक आला. तोवर काय झालं ते कळलं होतं. मालकाला सांगितलं, तर त्यानं दार उघडून आधी आत वाकून पाहिलं आणि विचारलं, "सीट तो खराब नहीं हुई ना?" मी तेव्हा गोंदियात होते. वडिलांनी फोन केला आणि मोठा भाऊ गेल्याचं सांगायच्या आधी हे वाक्य सांगितलं. कोण गेलं ते मला त्यानंतर कळलं.

माणूस मेला की त्याला गोड करून सांगायची आपल्याकडे पद्धत आहे. ती मला मान्य नाही, आणि मोठ्या बाबांना तर मुळीच चालली नसती. देवचंद, माझ्या वडिलांचे थोरले भाऊ, जिभेचे फार वाईट होते. आमच्या घरी भिंतीला टेकून चळवळीच्या पत्रकांचे गठ्ठे असत. वडील मजकूर लिहीत, आई खळ शिजवी, मी शाळेतून आले की वाटायला जाई. अक्षरओळख मला त्या पत्रकांवरच झाली. मोठे बाबा दारात उभे राहून म्हणत, "काऊन रे, आज कोणाले जागं करून राहिले तुम्ही? गाव तर घोरून राहिला." वडील लिहीत राहत. मी भांडत असे. मी भांडले की ते खूश होत. त्यांचं प्रेम एवढंच होतं, आणि ते ओळखायलाही मला फार उशीर लागला.

मोठी आई, त्यांची बायको, रोज दुपारी त्यांचा डबा घेऊन जाई. घर रस्त्याच्या अलीकडे, गॅरेज पलीकडे. मधला रस्ता चौपदरी झाला तेव्हा ट्रकांची सोय झाली, ढाब्यांची सोय झाली, पण डबा घेऊन पलीकडे जाणाऱ्या बाईनं कुठून जायचं हा प्रश्न कुणाच्या नकाशात नव्हता. तीन वर्षांपूर्वी एका राखाडी कारनं तिला उडवलं आणि ती जागीच गेली. कार चालवणाऱ्याचं म्हणणं असं की बाई कडेवरून एकदम आडवी धावली आणि डाव्या दिव्याला घासली. पंचनाम्यात तेच आलं : डावा दिवा फुटलेला. बोनेटचा उल्लेखच नव्हता.

पोलिसांकडून सुटल्यावर ती कार दुरुस्तीला आली ती त्याच गॅरेजात. मोठ्या आईचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम होऊन गेला होता, मोठे बाबा कामावर परतले होते, आणि गॅरेजच्या सेठनं ती गाडी त्यांच्यापुढे लावली. बोनेटच्या बरोबर मध्यावर पोचा होता. तिथं पोचा पडतो तो कडेवरून धावणाऱ्या माणसाचा नसतो. ती रस्त्याच्या मधोमध पोचली होती, लांबून दिसत होती, आणि तरी गाडी आली. मोठ्या बाबांनी गाडी ओळखली होती. सेठलाही माहीत होतं. आणि मोठ्या बाबांनी तो पोचा काढला... इतका सफाईनं, की डोळे मिटून तळहात फिरवला तरी कुठं होता ते कळू नये.

"कायले काढला, मोठे बाबा?" मी ओरडले होते.

"पोलिसानं लिहून घेतला असल, असं वाटलं ना बापा. गाडी सुटून आली म्हंजे सगळं लिहून झालं." मग म्हणाले, "आन् दुसऱ्या कोणी काढला असता तर लहर राहिली असती पत्र्याले."

पोलिसांवर विश्वास आणि हाताचा गर्व. या दोन गोष्टींनी मिळून त्यांच्या बायकोचा एकमेव साक्षीदार सपाट केला. कोर्टात समोरच्या वकिलानं एवढंच विचारलं, पोचा होता तर आता दाखवा. मोठे बाबा म्हणाले, "मी काढला." "म्हणजे काम चांगलं करता तुम्ही," वकील म्हणाला, आणि मागच्या बाकांवर लोक हसले. मीही त्याच बाकांवर होते. त्या हसण्याचा आवाज मी विसरलेले नाही आणि विसरणारही नाही. चूक बाईची ठरली.

त्यानंतर त्यांनी त्या अपघाताचा देखावा करायला घेतला. कॅरमचा एक फुटका बोर्ड खाटेवर ठेवला आणि वडिलांकडे उरलेली पत्रकं मागितली. वडिलांनी आनंदानं दिली, त्यांना वाटलं भाऊ वाचेल. मोठ्या बाबांनी ती बादलीत भिजवली, कुटली, आईच्याच खळीत मळली आणि बोर्डावर रस्ता थापला. वर गॅरेजातल्या पॉलिश पेपरची काळी भुकटी भुरभुरली, तर अगदी डांबरासारखा दिसायला लागला. "पाय, तुह्या बापाचे परचे कामी आले," मला म्हणाले. मी चिडून दोन दिवस बोलले नाही. झाडं खराट्याच्या काड्यांची, त्यावर नारळाच्या शेंड्या हिरव्या रंगात बुडवून. ढाबा उदबत्तीच्या खोक्याचा. कार तेलाच्या डब्याच्या पत्र्याची, टायर झिजलेल्या स्लिपरचे, दिवे गोळ्यांच्या पाकिटातल्या फुग्यांचे. विकत आणलं असं काही नव्हतं. रंगसुद्धा नाही. त्या राखाडी कारचं बोनेट रंगवून डब्याच्या तळाशी जो रंग उरला होता, तोच त्यांनी या कारला दिला.

आणि मग पोचा. सगळा देखावा महिनाभरात उभा राहिला, पोचा वर्षभर जमला नाही. बोनेट कापायचे, ठोकायचे, पाहायचे, फेकायचे. "खोल झाला." "डाव्या अंगाले सरकला." जन्मभर पोचे काढलेला माणूस एक पोचा पाडू शकत नव्हता. मी एकदा म्हणाले, आता कोण बघणार आहे, केस संपली. ते पत्रा ठोकत राहिले. "म्या मिटवला. म्याच आणन परत." शेवटी एक बोनेट त्यांनी बराच वेळ हातात धरून ठेवलं आणि कारवर बसवलं. त्या दिवशी ते जेवले नाहीत.

रस्ता सुरक्षेच्या कुठल्याशा कार्यक्रमासाठी साहेब लोक तो देखावा मागून घेऊन गेले. मोठे बाबा हुरळले होते, खोटं का बोलू. शर्टाला इस्त्री केली. तिथं पोचलो तर टेबलावर देखाव्यात पांढरे पट्टे रंगवून ठेवले होते. पायी जाणाऱ्यांसाठी. खऱ्या रस्त्यावर आजही नाहीत ते पट्टे. एक साहेब समजावून म्हणाले, "चांगला संदेश जायला पाहिजे ना, काका." हार घातला, फोटो काढला. घरी आणून मोठ्या बाबांनी पात्यानं ते पट्टे खरवडले. रंगाबरोबर भुकटी निघाली आणि खालून वडिलांच्या पत्रकाचा न कुटलेला एक तुकडा वर आला : 'बहुसंख्येने उप'. मोठे बाबा मोठ्यानं हसले. तसं हसताना मी त्यांना पुन्हा पाहिलं नाही.

बघायला येणारा प्रत्येक जण एकच विचारी, यात बाई कुठं आहे? डबा होता, रस्त्याच्या मधोमध, औषधाच्या बाटलीच्या झाकणाचा. बाई नव्हती. मीही विचारलं. पत्रकांवर वाढलेली मी, मला वाटे बळी दिसलाच पाहिजे, लोकांना दाखवलाच पाहिजे. ते म्हणाले, "तिले कायले पुन्हा उभी करू तिथं?"

मागच्या रविवारी त्यांचाही पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. बुद्धवंदना झाली, लोक पांगले, आणि सेठ भेटायला आला. खोलीत खाटेवरच्या देखाव्यापुढे उभा राहिला. वाईट माणूस नाही तो, त्याचे डोळे ओले होते. देवचंदसारखा हात जिल्ह्यात नाही म्हणाला. मग त्यानं ती राखाडी कार उचलली, आयुष्यभराच्या सवयीनं बोनेटवर अंगठा फिरवला आणि मध्यावर थांबला.

"अरे... ये रह गया वाटते त्याचं," हळहळून म्हणाला. "दे बेटी, मी काढून देतो."

मी त्याच्या हातातून कार घेतली. शिवी तोंडापर्यंत आली होती, ती तिथंच राहिली, कारण त्याला खरंच काही आठवत नव्हतं. कार मी रस्त्यावर होती तिथं ठेवली, डब्याच्या अलीकडे. खोली आवरायची म्हणतात घरचे. आवरतील. त्या पोच्यात माझ्या करंगळीचं टोक बरोबर बसतं.