कैद्यांनी बांधलेलं देऊळ

आईचे वडील पलटणीत होते. सिंगापूर जपान्यांच्या हाती पडलं तेव्हा ते इथे पकडले गेले, पुढे काहीच कळलं नाही. आई तेव्हा तान्ही होती. तिची आई मरेपर्यंत कुंकू लावत राहिली, म्हणून त्यांचं श्राद्ध कधी झालंच नाही. पुढे आईने स्वतःच श्राद्धांविरुद्ध पत्रकं छापली. त्या गठ्ठ्यांवर बसून मी वाचायला शिकले.

दोन हजार पाचच्या सुमारास मी इथे सिंगापुरातच, बुकित पंजांगला राहत होते. आई पहिल्यांदाच आली आणि तिने एकच मागणं केलं. जपान्यांनी युद्धात इथल्या टेकड्यांच्या जंगलात कैद्यांकडून एक शिंतो देऊळ बांधून घेतलं होतं आणि हरल्यावर स्वतःच पाडलं होतं. त्याचं जे काही उरलं होतं ते तिला बघायचं होतं.

"वेठबिगारीचं देऊळ आहे ते," मी म्हटलं. "आणि तिथे राबलेले कैदी गोरे होते. आपल्या लोकांचा उल्लेखही नाही."

"आपल्या लोकांचा उल्लेख कुठे असतो, तेवढं सांग. मी तिथे जाते."

जलाशयाजवळ बसमधून उतरून आम्ही पायवाट धरली, मग तीही सोडली. वेताचे काटे आईच्या ओढणीत अडकत होते. रातकिडे एवढे कर्कश की बोलणं थांबलं. शेवाळलेल्या पायऱ्या चढल्यावर झाडांत एक दगडी कुंड दिसलं, माणूस आडवा मावेल एवढं. देवापुढे जाण्याआधी यात हात धुवायचे. देव गेला, देऊळ गेलं, हात धुवायचं पाणी तेवढं राहिलं होतं, काळं, पानांनी भरलेलं.

आई बूट काढू लागली.

"आई, नमस्कार करणार असशील तर मी परत जाते. तूच शिकवलंयस."

"अगं, नमस्कार कुणाला करू? मला फक्त एकदा हाक मारायची आहे. घरी कुणाला मारणार होते?"

तिने कुंडाच्या काठावर हात टेकला. "बाबा," ती म्हणाली. अंधाऱ्या खोलीत शिरताना, आत कुणी आहे का बघायला म्हणतात, तसं.

रातकिडे थांबले.

असे ते अचानक थांबतात, मला माहीत आहे. मी ते सांगायला तोंड उघडलं आणि मिटलं. आई मान थोडी कलती करून ऐकत उभी होती. किती वेळ, कोण जाणे. मग आवाज पुन्हा सुरू झाला आणि तिने बूट घातले.

उतरताना वाट रुंद झाली तरी ती कडेकडेने चालत होती, शेजारून कुणी येत असल्यासारखी.

"मधून चाल ना, पाय घसरेल."

"असू दे."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. पिशवी मांडीवर घेतली, शेजारची जागा मोकळी ठेवली. तिने माझ्याकडे पाहिलं नाही.

मी मागच्या सीटवर बसले.