मानेवरून घेतलेली लोकर

लोकरीचा धागा मानेमागून घ्यायचा, छातीवर सोडायचा आणि डाव्या अंगठ्यानं सुईवर टाकायचा. अशा रीतीनं विणणारा चपराशी तुम्ही पाहिला नसेल. मी पाहिला आहे. माझे वडील बीडला मुन्सफ होते, त्यांचा हा चपराशी. कचेरी सुटली की तबेल्यामागं लिंबाखाली बसून विणायचा.

हैदराबादच्या इंग्रजी शाळेतून मी सुटीला आले होते. मोज्यांचा जोड पुरा करून न्यायचा होता. शाळेची रीत म्हणजे कोपरं अंगाला चिकटवायची, धागा उजव्या बोटावर ताणायचा. माझे टाके इतके आवळले जात, की सुई हलेना. एक दिवस ते अर्धवट विणकाम घेऊन मी लिंबाजवळ उभी राहिले. बोलणं मला जमत नसे. त्यानंच वर पाहिलं.

"कुनासंगं भांडताव, ताईसाब? हाताला इचारा की."

"शाळेत असंच शिकवतात."

"शाळा ऱ्हाऊ द्या हैदराबादला. हात तर हितं हायेत न्हवं?"

त्यानं स्वतःच्या मानेवरून धागा फिरवून दाखवला. मी तसा घेतला. खांदे आपोआप खाली आले. संध्याकाळपर्यंत चार बोटं मोजा झाला, मऊ आणि सारखा.

कधीतरी पाय मोडून तो तीन महिने छावणीच्या दवाखान्यात पडला होता. तिथल्या नर्सबाईनं शिकवलं. "पाय जुळला, पर ह्यो नाद लागला," म्हणायचा. दुसरा चपराशी जाता जाता ओरडे, "काय बे, चोळी कवा घालतुस?" हा हसायचा, पण लोकर चटकन शेजारी काढून ठेवलेल्या पागोट्याखाली सारायचा.

सुटी संपत आली तेव्हा तालुकदारसाहेब घरी आले. वडिलांनी मला बैठकीत बोलावून मोजे दाखवले. "वाह, बेटी! किसने सिखाया?"

चपराशी पानाचं तबक घेऊन दाराशीच उभा होता.

"स्कूल में," मी म्हणाले. तबक जरासुद्धा हललं नाही.

नंतर तो म्हणाला, "बराबर बोललाव. साहेबाम्होरं माजं नाव कावून घ्यावं?"

त्याची लाज राखली, असं मी मनाला समजावलं. राखली होती माझीच.

पुढच्या सुटीत आले, तर लिंबाखाली कोणी नव्हतं. नोकरी संपून वजिफा, म्हणजे पेन्शन, लागून तो नेकनूरला, आपल्या गावी गेला होता. मी कार्ड लिहिलं: मोजे तुम्हीच शिकवलेत, मी साहेबांपुढं खोटं बोलले. टाकल्यावर ध्यानात आलं, त्याला वाचता येत नाही. कुणीतरी ते चावडीत मोठ्यानं वाचणार. जे तो पागोट्याखाली लपवायचा, ते आता गावभर होणार.

हिवाळा सरता सरता मी पुन्हा घरी आले होते, तेव्हा त्याचा जावई वजिफ्याचे कागद घेऊन आला. म्हातारा गेला होता.

मी दाराआडूनच विचारलं, "माझं कार्ड पोचलं होतं?"

"पोचलं की, ताईसाब. पाटलानं चावडीत वाचलं. मानसं लई हासली."

"आणि ते?"

"मामा म्हनले, पुन्ना वाचा, पाटील. जरा मोट्यानं."