एकदाच डिपर

आधीच सांगतो, रस्त्यात पडलेलं लिंबू-मिरची ओलांडून कामावर जाणारा मी माणूस. सणसवाडीत एका कंपनीत क्वालिटीला आहे. पार्ट का बिघडला याचं कारण सापडल्याशिवाय मला जेवण जात नाही. त्यामुळे हे लिहिताना जरा संकोचच वाटतोय...

आमचे आप्पा, म्हणजे वडील, एसटीत ड्रायव्हर. घर न्हावऱ्याच्या अलीकडे, अगदी रस्त्याला लागून. संध्याकाळी शिरूरहून दौंडची गाडी घेऊन जाताना ते दारासमोर डिपर द्यायचे, म्हणजे हेडलाईट क्षणभर खाली करून परत फुल. दोनदा दिला की रात्री घरी येतोय, भाकरी ठेवा. एकदाच दिला की दौंडला मुक्काम, वाट बघू नका. पुढे घरात मोबाईल आला, तरी आईला डिपरच लागायचा.

अकरा वर्षांपूर्वी त्यांनी दोनदा डिपर दिला, आणि दौंडच्या स्टँडवर छातीत कळ येऊन गेले. तेव्हापासून आई रोज रात्री एक भाकरी जास्त करायची. "येतो म्हणले व्हते," एवढंच म्हणायची. मी समजावलं, चिडलो, शेवटी गप्प बसलो. रस्ता रुंद झाला, घर पाडलं, आम्ही शिरूरला राहायला आलो. भाकरी काही थांबली नाही.

गेल्या हिवाळ्यात नवी गाडी घेतली. तिला ऑटो हाय बीम आहे – अंधारात लाईट आपोआप फुल होते, समोरून गाडी आली की आपोआप खाली येते. दौंडच्या मावशीकडून परतताना आईला मी ते कौतुकाने दाखवत होतो. सात-साडेसात झाले असतील.

"म्हंजी गाडीच डिपर देती व्हय?" तिला गंमत वाटली.

जुन्या घराच्या जागेपाशी आलो. रस्ता सरळ, मोकळा. समोर एक गाडी नाही, कुठं दिवा नाही. आणि लाईट खाली आली... क्षणभर थांबली... परत फुल झाली.

मी गाडी बाजूला घेतली. दुसऱ्यांदा होईल म्हणून आम्ही दोघंही समोर बघत बसून राहिलो. झालं नाही.

"एकदाच ना रे?" आईने विचारलं.

"हो."

"मुक्काम हाय मंग." ती बराच वेळ काचेबाहेर बघत होती. "त्या दिशी चुकून दोनदा दिला आसंल. आन् मी येडी बसले वाट बघत."

त्या रात्री तिने परातीत पीठ मोजकंच घेतलं. माझ्या दोन भाकरी, तिची एक. जेवली आणि लवकर झोपली.

शोरूमवाल्यांनी सेन्सर तपासला, ओके निघाला. दिवसा जाऊन ती जागा पाहिली. तिथे चमकणारा बोर्ड नाही, पत्रा नाही, काहीच नाही. कारण आजतागायत सापडलेलं नाही, आणि खरं सांगायचं तर आता मी ते शोधतही नाही.

तरी दिवेलागणीनंतर मुद्दाम त्या रस्त्याने जातो. घराच्या जागेपाशी गाडी हळू करतो. लाईट फुलच राहते. आईला तिचा निरोप मिळाला. मला मात्र अजूनही दोनदा डिपर हवाय.