सोडल्यानंतरचे आठ दिवस

तमाम नातेवाईक, शेजारीपाजारी आणि माझ्या घरात डोकावण्याची जुनी सवय असलेल्या सर्व सज्जनांना जाहीर कळवण्यात येते, की सदर बाईने आपल्या लग्नाच्या नवऱ्याला माजघरातल्या खांबाला बांधले होते. एकदा नव्हे, बऱ्याचदा. त्यांच्या सांगण्यावरून आणि दोघांच्या खुशीने. कुणाला भोवळ आली असेल तर त्यांनी क्षणभर बसून घ्यावे.

आता बसलाच आहात तर ऐका. देश स्वतंत्र होऊन आठ-नऊ वर्षं झाली होती, आणि किहीमच्या बाजूच्या आमच्या वाडीत माझा नवरा भिंतीकडं तोंड करून मला विचारत होता, "मला बांधशील का?" मी हसले. हे हसले नाहीत.

गावात शेताच्या बांधावरून भांडण झालं की लोक यांच्याकडं येत. सुपारी कधी उतरवायची, धाकट्या दिराला मुंबईला धाडायचं की नाही, सगळं यांनीच ठरवायचं. एखादा तास तरी आपल्या हातात काहीच असू नये, असं त्यांना वाटे. हे मला कळायला वर्ष लागलं. मला त्यातलं काय आवडतं ते कळायला एक दुपार पुरली.

काथ्याची दोरी मनगटं सोलते, म्हणून मी जुन्या लुगड्याच्या पट्ट्या फाडल्या. चिंचेची फोक स्वतः तासली. थांबायचं असेल तर 'पुरे' म्हणायचं असं आधी ठरलं. पण आमच्याकडं पानावर 'पुरे' म्हणणाऱ्याला आणखी दोन डाव भात वाढतात, त्यामुळं तो शब्द बाद झाला. त्याऐवजी 'बटाटा' ठरला. एकदा ऐन वेळी बटाटा म्हणताना यांना इतकं हसू आलं की मला फोक टाकून खाली बसावं लागलं. त्या खोलीत मी त्यांना 'अरे' म्हणायची. बाहेर पडलं की पुन्हा 'अहो'.

सासूबाई पालीच्या गणपतीला गेल्या होत्या, त्या दुपारची गोष्ट. त्या दिवशी यांनी जास्त मागितलं. मी पुन्हा पुन्हा विचारलं, त्यांनी पुन्हा पुन्हा हो म्हटलं. बटाटा आला नाही. संपलं तेव्हा मी गाठी सोडल्या, आणि ते खाली बसून रडायला लागले. आवाज नाही, नुसतं पाणी. हा माणूस स्वतःच्या बापाच्या चितेपुढून परत आला तेव्हाही मी त्याला रडताना पाहिलं नव्हतं. जवळ वाकले तर घोगऱ्या आवाजात म्हणाले, "सोड..."

गाठी तर सोडून झाल्या होत्या. म्हणजे आता मी दूर व्हायचं, असं मला वाटलं. माझं तोंडसुद्धा त्यांना नको असेल. मी पट्ट्या गोळा केल्या आणि विहिरीवर जाऊन धुवत बसले. धुण्यासारखं त्यांत काही नव्हतं. ऊन उतरेपर्यंत धुतल्या.

परत आले तर हे ओटीवर, सदऱ्याची सगळी बटणं लावून. मला म्हणाले, "चहा ठेवता का?" 'ठेवता'. लग्नाला सात वर्षं झाली होती, मला त्यांनी कधी अहोजाहो केलं नव्हतं.

पुढं आठ दिवस असेच गेले. खाली मान घालून जेवायचे, ओटीवर झोपायचे. सासूबाई परत आल्या, त्यांना वाटलं पोराला ताप आहे. त्यांनी काढे सुरू केले आणि यांनी ते मुकाट्यानं प्यायले. आणि मी? बांधणाऱ्याचं पुढं काय होतं ते कुणी विचारत नाही. माझ्या हातून तांब्या पडे, भात करपे. नारळ खवताना हाताकडं बघून वाटे, हाच तो हात, आणि याला ते आवडलं होतं. आठव्या दिवशी सकाळी हे म्हणाले, मुंबईला गिरणीत ओळखीचा माणूस आहे, उद्या जाऊन बघतो. परत कधी येणार ते सांगितलं नाही. मी विचारलं नाही.

त्याच दिवशी शेजारच्या गावात चैत्रातली जत्रा होती. तिथं नवसाचे गडी पाठीत गळ टोचून घेतात आणि उंच लाकडाला लटकून फिरतात. सासूबाईंना घेऊन मी गेले. दरवर्षी सगळे वर बघतात, मीही वर बघायची. या वर्षी माझी नजर खाली गेली. एक गडी उतरला. लोकांनी त्याच्या पाठीत भंडारा दाबला, ढोल पुढं सरकले, गर्दी दुसऱ्या गड्याकडं वळली. आणि हा भर उन्हात थरथरायला लागला. त्याची बायको त्याच्यामागं बसली, दोन्ही हात पाठीवर ठेवून, आणि काहीबाही बोलत राहिली. म्हैस, पेंढा, कुणाचं तरी लग्न. मी विचारलं, किती वेळ बसणार?

"तो हसंल तवर," ती म्हणाली. "वर हाय तवर देव बघतो, बाय. खाली आल्यावर कोन बघनार? एकला सोडला त खुळावतो गडी."

सासूबाईंना एका नात्यातल्या बाईच्या हवाली केलं आणि मी जवळजवळ पळत घरी आले.

हे ट्रंक भरत होते. मी त्यांच्यामागं बसले आणि दोन्ही हात पाठीवर ठेवले. पाठ लाकडासारखी. मी बोलत राहिले. माडाला भुंगा लागलाय, शेजारणीची मांजर व्यालीय, तिसरं पिल्लू शेजारणीच्याच नवऱ्यासारखं दिसतं. बऱ्याच वेळानं पाठ सैल झाली. मग मी मीठ घालून पेज केली आणि वाटी त्यांच्या ओठांना लावली. ते प्यायले, आणि मलाच रडू फुटलं.

हे देवाघरी जाऊन आता तीन वर्षं झाली. त्या दिवसानंतर आम्ही दरवेळी असेच बसलो, त्यांच्या पाठीवर माझे हात, माझ्यासाठी त्यांनी ओतलेली पेज. ते आठ दिवस मात्र गेलेच. माणूस असताना आठ दिवस म्हणजे काहीच नसतात.

जत्रेच्या त्या दुपारी रडता रडता मी म्हटलं, तुम्हीच 'सोड' म्हणालात, म्हणून उठून गेले. हे एकदम माझ्याकडं वळले. सासूबाई जत्रेतून परतून दारात येऊन उभ्या होत्या, त्याचंही भान त्यांना राहिलं नाही.

"अगं, 'सोडू नको' म्हणत होतो मी. पुढचं घशातच अडकलं."